वेव्ह फाइल ठणठणीत, एमपी३ केली की ताशा फाटतो. असं काहून?

महालचा_मुक्काम · रविवार, रात्री ९.४०

मंडळी, दोन दिवसांपासून डोकं उठलंय, म्हणून धागा काढतो.

यंदा आपल्या नागपुरातली मारबतीची मिरवणूक (इडापीडा घालवायला काढतात त्या पुतळ्यांची) नीट रेकॉर्ड करायची असं ठरवलं होतं. काळी मारबत १८८१ पासून निघते म्हणतात, आणि आमच्या घरात तिचा धड एक मिनिटाचा आवाज नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळपासून नेहरू पुतळ्याजवळ उभा होतो, काळी आणि पिवळी भेटतात तिथं. सेल्फी स्टिकला बांधलेला छोटा रेकॉर्डर, २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" पासून संदलच्या ढोलांपर्यंत सगळं आलं.

घरी येऊन कापाकापी केली. आवाज जरा बसका वाटला म्हणून लिमिटर (उंच माथे दाबणारं साधन) लावून ६ डीबी (डेसिबल) चढवला आणि शेवटी नॉर्मलाइज करून पीक, म्हणजे सर्वांत उंच माथा, बरोब्बर ०.० वर आणला. वेव्ह फाइल हेडफोनवर झकास, ऑडॅसिटी या आवाज कापायच्या प्रोग्रॅममध्ये छाटलेल्या आवाजाची एकही लाल रेघ नाही. तीच फाइल १२८ केबीपीएस बिटरेटची एमपी३ करून चुलतभावाला पाठवली, तर त्याचा फोन: "दादा, ताशा फाटून राहिला." ऐकलं तर खरंच. ताशाच्या प्रत्येक काडीला चिकटून एक करकर येते, कागद फाडल्यासारखी. एमपी३ परत ऑडॅसिटीत उघडली तर लाल रेघांचा पाऊस!

एमपी३ करताना मी आवाज एका काडीनंही वाढवला नाही. मग ही लाल रेघ आली कुठून?

तर्रीवाला · रविवार, रात्री ९.५२

काहून म्हणजे? एमपी३ आहे ना बे. फाइल दहा हिश्श्यानं लहान पाहिजे अन् वरतून ताशाबी कोरा पाहिजे. ३२० ची कर अन् मोकळा हो.

महालचा_मुक्काम · रविवार, रात्री १०.०५

केली भाऊ. लाल रेघा कमी झाल्या, गेल्या नाहीत. करकर हेडफोनवर कमी, पण आता माहीत झाल्यामुळं कान तिथंच जातो.

मंडप_साउंड · रविवार, रात्री १०.३०

मोबाइलच्या स्पीकरवर ताशा ऐकता आणि फाइलला दोष देता. तेवढ्या डबीत तेवढा ताशा मावतो का? चांगल्या टॉपवर (मोठ्या स्पीकरवर) वाजवा, काही फाटत नाही.

महालचा_मुक्काम · रविवार, रात्री १०.३४

हेडफोन तेच, लॅपटॉप तोच, व्हॉल्यूम तोच. वेव्ह साफ आणि एमपी३ फाटकी. स्पीकरचा प्रश्न असता तर दोन्ही फाटल्या असत्या.

निवृत्त_फेडर · सोमवार, सकाळी ६.१५

माझी नोकरी आकाशवाणीत गेली, बरीचशी टेपच्या जमान्यात. एमपी३ चं तिथल्या जाणकारांनी सांगावं. मी त्या "बरोब्बर ०.०" बद्दल बोलतो, कारण ते वाचून माझा चहा थंड झाला.

आमच्याकडं व्हीयू मीटर असायचे, आवाजाची पातळी दाखवणारे काट्याचे. काटा शून्यावर नाचायचा आणि शून्याच्या पुढंही ३ पर्यंत तांबडी पट्टी असायची. गाणाऱ्या बाईंनी तान वर नेली, काटा तांबड्यात शिरला, तरी टेप सांभाळून घ्यायची. लाटांचे माथे हळूहळू गोलावत, कान म्हणायचा जरा भरीव वाटतंय. त्यामुळं आमच्या पिढीला शून्य म्हणजे काम करायची जागा वाटते.

डिजिटलचा शून्य वेगळा. आपल्या झिरो माइलच्या खांबापासून चारी दिशांना अंतरं मोजतात. या शून्याला एकच दिशा आहे, खाली. १६ बिटांत सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. लाटेची उंची खरं तर ४०,००० व्हायला हवी होती, तरी यंत्र ३२,७६७ च लिहितं. पुढच्या नमुन्यालाही (उंचीच्या पुढच्या मोजणीलाही) ३२,७६७, त्याच्या पुढच्यालाही. डोंगराचं पठार होतं, आणि पठाराचे दोन्ही काठ कानाला टोचतात, कारण त्या काठांतून मूळ वाद्यात नसलेले सूर तयार होतात.

म्हणून युरोपातल्या नभोवाणीत नेहमीची पातळी डिजिटलच्या उणे १८ ला जुळवतात, अमेरिकेत उणे २० ला. वरची १८-२० डीबी वाया घालवलेली नसते. ती ताशासाठी असते! ताशाची सरासरी पातळी आणि काडी पडतानाचा पीक यांत प्रचंड अंतर. व्हीयूचा काटा आळशी, जागेवर यायला त्याला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात. तोवर काडी वाजून मोकळी झालेली. म्हणून ताशा-झांज असली की आम्ही काटा मुद्दाम उणे ८-१० ला धरायचो आणि नवा सहकारी विचारायचा, "इतकं कमी का?"

तुमच्याकडं २४ बिट आहेत. एका बिटाला ६ डीबी धरा. १२ डीबी मोकळे सोडले तर दोनच बिट गेले. इतवारीतल्या मिरवणुकीत तळाचा गोंगाटच इतका असतो की त्या दोन बिटांची आठवणसुद्धा कोणाला येणार नाही.

तर्रीवाला · सोमवार, सकाळी ८.०२

काका, मस्त. पण पोट्ट्याचा सवाल तसाच राहिला. वेव्ह शून्यावर होती तेव्हा नाही फाटली, एमपी३ त फाटली.

निवृत्त_फेडर · सोमवार, सकाळी ८.१०

म्हणूनच म्हटलं ना, जाणकारांनी सांगावं.

धंतोली_डेसिबल · सोमवार, दुपारी १.२०

जेवणाच्या सुट्टीत लिहिते, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट करा. एमपी३ ऑडॅसिटीत उघडा, पूर्ण सिलेक्ट करा आणि अॅम्प्लिफायची खिडकी उघडा. काही बदलू नका. त्यात आपोआप एक आकडा आलेला असतो, पीक शून्यावर आणायला किती वाढवावं लागेल तो. तुमच्या फाइलला तो उणे येईल. उणे १.८ आला तर तुमच्या एमपी३ चा पीक शून्याच्या १.८ डीबी वर आहे. मग वेगवेगळ्या पातळीच्या वेव्हपासून एमपी३ बनवून तोच आकडा पाहा आणि इथं टाका. बाकीचं त्यावर बोलू.

महालचा_मुक्काम · सोमवार, रात्री १०.४८

ताई, आकडे घ्या. थोडं गंडल्यासारखं वाटतंय.

०.० वाली वेव्ह: ६४ केबीपीएसला पीक अधिक २.७, १२८ ला अधिक १.८ (तुम्ही कुंडली आधीच पाहिली होती काय?), ३२० ला अधिक ०.६.
तीच वेव्ह उणे १ वर आणून: १२८ ला अधिक ०.८, ३२० ला उणे ०.४.
उणे ३ वर आणून: १२८ ला उणे १.२. एकही लाल रेघ नाही, करकरही नाही.

म्हणजे १२८ ला दर वेळी पावणेदोन-दोन डीबी उंची वाढते. पण मी तर काहीच वाढवत नाही! एन्कोडर चोरून आवाज वाढवतो काय?

धंतोली_डेसिबल · मंगळवार, सकाळी ७.३०

नाही, आवाज तेवढाच राहतो. बदलतो तो लाटेचा आकार.

चौकोनी लाट आठवा. १ उंचीची चौकोनी लाट ही एक मूळ लाट आणि तिच्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेच्या लहान लाटा मिळून बनते. गंमत अशी की त्यातली मूळ लाट एकटी १.२७ उंच असते, म्हणजे ४ भागिले पाय. बेरीज १ आणि त्यातला एक भाग १.२७! वरच्या लहान लाटा तिच्या माथ्यावर बसून तो खाली दाबून ठेवतात, म्हणून पठार दिसतं. आता त्या लहान लाटा काढून टाका. काहीही न वाढवता माथा १.२७ वर जातो. डीबीत सांगायचं तर २.१.

आता तुमची फाइल. लिमिटरनं ६ डीबी चढवताना ताशाचे माथे दाबून जवळजवळ पठारं केली. मग एमपी३ चा एन्कोडर आला. तो आवाजाचे ५७६-५७६ पट्ट्यांत तुकडे करतो, मोठ्या आवाजाखाली झाकलेलं जे कानाला ऐकू येणार नाही ते ढोबळ आकड्यांत लिहितो किंवा टाकून देतो, आणि १२८ ला साधारण १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापतो. कानाच्या हिशेबानं बरोबर आहे त्याचं. पण पठाराला सपाट धरून ठेवणारी माणसंच त्यानं कामावरून काढली. माथा उसळला. बिटरेट जितका कमी तितकी कपात जास्त, म्हणून ६४ ला २.७ आणि ३२० ला ०.६.

आता खरी मजा. एमपी३ फाइलच्या आत शून्याची भिंतच नाही. तिथं नमुन्यांची उंची लिहिलेली नसते, पट्ट्यांचे आकडे आणि त्यांचे गुणक असतात. अधिक १.८ चा माथा तिथं सुखानं झोपलेला असतो. फोनमधला डीकोडर ती फाइल उलगडून १६ बिटांत ओततो तेव्हा ३२,७६७ ची भिंत येते आणि माथा छाटला जातो. ऑडॅसिटी ३२ बिट फ्लोटमध्ये उघडते, तिथं १ च्या (म्हणजे शून्य डीबीच्या) वरचे आकडे चालतात, म्हणून तुम्हाला अधिक १.८ मोजता आला. त्याच खिडकीत ३ डीबी कमी करून ऐका, करकर गेलेली असेल.

तर्रीवाला · मंगळवार, सकाळी ९.१५

थांब थांब. म्हणजे फाइल फाटलेली नाईच. उघडतानी फाटते?

धंतोली_डेसिबल · मंगळवार, सकाळी ९.२१

हो. अगदी तेच.

म्हणूनच चुलतभावाला पाठवलेली फाइलसुद्धा वाचू शकते. एमपी३गेन नावाचा जुना प्रोग्रॅम प्रत्येक फ्रेममधला (फाइलच्या छोट्या तुकड्यातला) गुणकाचा आकडा बदलतो, १.५ डीबीच्या पायऱ्यांनी. परत एन्कोड करावं लागत नाही, दर्जा घटत नाही आणि पाहिजे तेव्हा मागं फिरता येतं. दोन पायऱ्या खाली, म्हणजे ३ डीबी. पुरे.

फक्त एक करू नका: फाटकी ऐकू येणारी एमपी३ आधी १६ बिट वेव्हमध्ये बदलून मग आवाज कमी करणं. तिथं माथे कायमचे गेले.

महालचा_मुक्काम · मंगळवार, दुपारी २.०५

ऑडॅसिटीत ३ कमी करून ऐकलं. करकर गायब!! मी दोन रात्री बिटरेट बदलत बसलो होतो.

पुण्यातला_नागपूरकर · मंगळवार, सायंकाळी ६.४०

एक शंका. एमपी३ बाजूला ठेवू. नुसती वेव्ह ०.० वर असली तर ती तरी सुरक्षित आहे का? शून्य हा नमुन्यांचा पीक. दोन नमुन्यांच्या मधे लाट कुठपर्यंत जाते ते मीटरला कुठं दिसतं?

धंतोली_डेसिबल · मंगळवार, रात्री ९.००

बरोबर पकडलंत. ४४,१०० च्या सॅम्पलिंगला ११,०२५ हर्ट्झची साइन लाट घ्या, एका फेऱ्यात चारच नमुने. ते नेमके माथ्याच्या ४५ अंश अलीकडे-पलीकडे पडले तर चारही नमुने उंचीच्या ०.७०७ वर बसतात, माथ्यावर एकही नाही. मीटर म्हणतो, ३ डीबी जागा आहे, चढवा. तुम्ही नॉर्मलाइज करून नमुने ०.० वर नेता आणि खरी लाट शून्याच्या ३ डीबी वर जाते. मीटर गप्प.

त्यासाठीच ट्रू पीक मीटर आहेत. आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची) बीएस.१७७० ही शिफारस २००६ ची, त्यात नमुने चौपट दाट करून मधला माथा शोधायची पद्धत दिली आहे. युरोपातल्या ईबीयूचं (नभोवाणी संघटनेचं) आर१२८, २०१० चं: सरासरी लाउडनेस उणे २३ एलयूएफएस (लाउडनेसचं माप) आणि ट्रू पीक उणे १ च्या वर नको. स्पॉटिफायही ट्रू पीक उणे १ च्या खाली मागतं, आणि मास्टर (शेवटची तयार फाइल) उणे १४ एलयूएफएसहून दणकट असेल तर उणे २. तो जास्तीचा एक डीबी कशासाठी, ते मुक्कामभाऊंचे आकडे पाहिले की कळतं.

मंडप_साउंड · मंगळवार, रात्री ९.३५

उणे १, उणे २, उणे २३. तुमच्या हिशेबानं चाललो तर मिरवणुकीत पोट्टे मला खांद्यावर नाही, फुटाळा तलावात नेतील. लोकांना दणका पाहिजे. माझ्या पेन ड्राइव्हवरचं प्रत्येक गाणं शून्याला ठोकलेलं आहे आणि आजपर्यंत एकाही नवरदेवाची तक्रार नाही.

निवृत्त_फेडर · बुधवार, सकाळी ६.०५

नवरदेव त्या दिवशी तक्रार करण्याच्या स्थितीत नसतो.

दणका फाइलमधून येत नाही, तुमच्या अॅम्प्लिफायरमधून येतो. फाइल ३ डीबी खाली आणा आणि मिक्सरचा फेडर ३ डीबी वर घ्या. तेवढाच दणका, शिवाय काडी काडीसारखी वाजेल. एक दिवस करून पाहा.

मंडप_साउंड · बुधवार, सकाळी ११.१०

करून पाहीन. मानलं असं नाही.

निवृत्त_फेडर · बुधवार, रात्री ८.२०

मुक्काम, तू निरोपात पाठवलेली वेव्ह ऐकली, लिमिटरच्या आधीची. मारबतींची भेट फार सुंदर आली आहे. पण २ मिनिटं १० सेकंदांपासून पुढं वीसेक सेकंद ताशा जवळ आलाय, तिथं मला करकर ऐकू आली. आधी वाटलं, माझ्या कानांचं वय. मग नातीनं स्क्रीनवर मोठं करून दाखवलं. माथे सपाट आहेत, उणे ४.३ ला. प्रत्येक माथा उणे ४.३ लाच. शून्यापासून इतक्या खाली पठार कसं? लाल दिवा लागला होता का?

महालचा_मुक्काम · बुधवार, रात्री १०.१५

काका, पकडलंत. तिथली करकर मला ताशाच्या चामड्याचीच वाटली होती.

आठवून सांगतो. ताशावाले लांब होते तेव्हाच लाल दिवा लुकलुकायला लागला. मी रेकॉर्डरच्या बाजूचं लेव्हलचं चाक खाली फिरवलं. मग ते अगदी समोर आले, तरी दिवा लागला नाही. मी खूश. माइकच्या सेन्सिटिव्हिटीचा एक छोटा स्विच मागच्या बाजूला आहे, तो आत्ता पाहिला. "हाय" वर होता.

निवृत्त_फेडर · गुरुवार, सकाळी ६.२०

झालं तर. माइकनंतर आधी माइकचा बारीक आवाज वाढवणारा प्रीअॅम्प येतो, त्याच्या पुढं तुझं चाक, आणि त्याच्या पुढं आकडे करणारं यंत्र. लाल दिवा बघतो तो शेवटच्या टप्प्याकडं. ताशा समोर आला तेव्हा प्रीअॅम्पमध्येच लाट छाटली गेली. तुझ्या चाकानं ती छाटलेली लाट फक्त लहान केली. दिवा खरंच बोलला, त्याच्या टप्प्यावर सगळं ठीक होतं. नळाला गढूळ पाणी येत असेल तर तोटी बारीक केल्यानं ते स्वच्छ होत नाही.

आधी मागचा स्विच "लो" वर, मग चाक. क्रम उलटला की असं होतं. आमच्या स्टुडिओतही नवा माणूस हीच चूक करायचा, आणि दोन-तीनदा जुन्या माणसानंही केली. तो जुना माणूस कोण, ते विचारू नका.

पुण्यातला_नागपूरकर · गुरुवार, सकाळी ९.५०

हल्ली ३२ बिट फ्लोटवाले रेकॉर्डर मिळतात, त्यात लेव्हल लावायची भानगडच नाही म्हणतात.

धंतोली_डेसिबल · गुरुवार, दुपारी १.१५

बरीचशी नाही. त्यांत बहुधा एकाच सिग्नलसाठी दोन कन्व्हर्टर असतात, एक बारीक आवाजाला आणि एक मोठ्याला, आणि दोन्हींची शिलाई करून फ्लोटमध्ये लिहितात. पण माइकच्या कॅप्सूललाच ताशा झेपला नाही तर ते काय करणार? आणि शेवटी एमपी३ करतानाचा घोळ तसाच राहतो. तिथं डोकं आपलंच लागतं.

मुक्कामभाऊ, २.१० चा भाग डीक्लिपनं भरून पाहा, पण त्यात सॉफ्टवेअर अंदाजानं माथे रंगवतं. नाही पटला तर तसाच ठेवा.

तर्रीवाला · गुरुवार, दुपारी १.४०

मले एक सांगा, व्हॉट्सॲपवर पाठवली तं परत गोची होते का?

धंतोली_डेसिबल · गुरुवार, दुपारी १.५२

डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर फाइल आहे तशी जाते. स्पीकरसमोर फोन धरून व्हॉइस नोट केली तर ती ओपस नावाच्या फॉरमॅटमध्ये नव्यानं एन्कोड होते, आणि वरून तुमच्या खोलीतला पंखाही जातो.

महालचा_मुक्काम · शनिवार, रात्री ११.२०

अपडेट.

मूळ २४ बिट फाइलपासून परत सुरुवात केली. लिमिटर काढून टाकला. ट्रू पीक उणे ३ वर ठेवून १९२ ची एमपी३ केली. परत उघडून अॅम्प्लिफायच्या खिडकीत पाहिलं: अधिक २.४, म्हणजे पीक उणे २.४. लिमिटर नव्हता तर उंची ०.६ नंच वाढली, धंतोली ताईंच्या पठारांचा हिशेब तंतोतंत.

२.१० वर डीक्लिप लावून पाहिलं. करकर बरीच गेली, पण ताशा बिस्किटाच्या डब्यासारखा वाजायला लागला. काढून टाकलं. ते वीस सेकंद फाटकेच ठेवले आहेत. रेकॉर्डरच्या मागच्या स्विचवर पांढरी चिकटपट्टी लावून "आधी मी" असं लिहिलंय. पुढच्या पोळ्यापर्यंत टिकली पाहिजे.

नवी फाइल चुलतभावाला पाठवली. तो म्हणतो, आता फाटत नाही, पण आवाज कमी आहे. त्याला म्हटलं, तुझ्या फोनच्या बाजूला एक बटण आहे, वरचं.